बायकांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी

"काय होतंय?"

"अशक्तपणा आहे."

तालुक्याच्या गावातल्या एका प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं केस पेपरच्या खिडकीत बसले, आणि हा संवाद रोज ऐकला. बाहेर दोन बाकं. त्यावर कुणाचा दीर, कुणाचा सासरा, समोर टीव्हीवर मालिका चालू. एवढ्या लोकांत "चार महिने झाले, अंगावरून जातंय" असं बाई बोलणार कशी? म्हणून ती अशक्तपणा सांगायची, मी अशक्तपणा लिहायची आणि आत डॉक्टर टॉनिक लिहायला लागले की उठता उठता खरी गोष्ट बाहेर पडायची. कधीकधी पडायचीच नाही. बाई टॉनिक घेऊन घरी जायची.

मी डॉक्टर नाही. पण त्या खिडकीतून जे दिसलं ते माझ्या नणंदेला, भाचीला आणि शेजारच्या सुनेला वेळोवेळी सांगत आले. तेच इथे क्रमाने लिहिते.

घरून निघण्याआधी एक कागद

वहीतलं एक पान फाडा. पहिली ओळ: शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली. सुरू झाली ती तारीख, थांबली ती नव्हे. आपल्याकडे तारीख सणावरून आठवतात. "वटपौर्णिमेला मी बाजूला होते, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी." असं आठवलं तरी चालेल, कॅलेंडर काढून तारीख पक्की करा. पुढच्या वेळेसाठी सोपा उपाय म्हणजे जिथे दुधाचे खाडे लिहिता त्याच कॅलेंडरवर एक टिंब. कुणाला काही कळत नाही आणि सहा महिन्यांचा हिशेब एका नजरेत दिसतो.

दुसरी ओळ: त्रास नेमका काय. "अंगावरून जातं" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. लाल की पांढरं? पांढरं असेल तर दह्यासारखं आणि खाज सुटणारं, की हिरवट-पिवळं आणि वास येणारं, की दोन पाळ्यांच्या मध्ये येणारं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं? शेवटचं बहुतेकदा नैसर्गिक असतं, त्याला औषध लागत नाही. लाल असेल तर किती दिवस आणि किती पॅड. एक पॅड तासा-दोन तासांत भरतं, रात्री उठून बदलावं लागतं, गाठी पडतात, सात दिवसांच्या वर चालतं, यातलं जे होत असेल ते तसंच लिहा. "खूप जातं" ऐकून डॉक्टर मान हलवतात. "काल दिवसात नऊ पॅड लागले" ऐकल्यावर ते पेन खाली ठेवतात आणि पुढे विचारू लागतात.

तिसरी ओळ खेपांची. "मुलं किती?" या प्रश्नाला बायका अंगणात खेळतात तेवढी मुलं मोजून उत्तर देतात. डॉक्टरांना हवं असतं ते एकूण किती वेळा दिवस गेले ते. मधलं पडलेलं, क्युरेटिंग झालेलं, पोटात गेलेलं किंवा जन्मून गेलेलं, सगळं. हे सांगताना घसा दाटतो, म्हणूनच ते कागदावर असावं. कागद नुसता पुढे सरकवता येतो.

चौथी ओळ औषधांची. थायरॉइड, बीपी, फिट्स, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मेडिकलच्या दुकानात या गोळ्यांना केवढी मागणी असते ते विचारून बघा! मागे पाळी लांबवलेली असते आणि हे कुणी सांगत नाही, मग आता अनियमित का झाली याचा शोध सुरू होतो. ज्यांच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली आहे किंवा ज्यांना यकृताचा आजार आहे त्यांनी या गोळ्या मनाने घेऊच नयेत.

बाकी तयारी फार नसते. आतून धुण्याची, केस काढण्याची गरज नाही. उलट त्याच सकाळी आतून धुतलं तर पांढऱ्या पाण्याची तपासणी नीट होत नाही. पोटावरून सोनोग्राफी असेल तर बहुधा लघवी भरलेली लागते, आतून सोनोग्राफी असेल तर रिकामी. नंबर लावताना फोनवर हे विचारून घ्या, नाहीतर तिथे दोन लिटर पाणी पिऊन ताटकळत बसावं लागतं. पाळी चालू असताना जायचं का? पॅप तपासणीसाठी (पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडावरच्या पेशींची तपासणी) नको. पण जास्त रक्त जाण्याचीच तक्रार असेल तर थांबू नका, चालू असतानाच जा.

पाटीवरची अक्षरं

एमबीबीएसच्या पुढे एमडी, एमएस किंवा डीएनबी, आणि कंसात ‘स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र’ असेल तर ते या विषयाचे पूर्ण तज्ज्ञ. डीजीओ ही याच विषयातली पदविका. जुन्या पिढीतल्या कितीतरी उत्तम डॉक्टरांकडे तीच आहे, त्यामुळे ती बघून नाक मुरडू नका. बीएएमएसनंतर प्रसूतितंत्र आणि स्त्रीरोगात एमएस केलेले वैद्यही असतात, ती आयुर्वेदाची पदवी आहे. नुसतं ‘स्त्रीरोग’ एवढंच लिहिलं असेल आणि पदवी दिसत नसेल तर सरळ विचारा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो.

सरकारी शिडी अशी: गावात उपकेंद्र, तिथे नर्सताई. साधारण ३० हजार लोकवस्तीला, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे एमबीबीएस डॉक्टर असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ रोज नसतात. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग ज्याला आपण ‘सिव्हिल’ म्हणतो ते जिल्हा रुग्णालय, आणि मेडिकल कॉलेज. काही जिल्ह्यांत स्त्रियांचं वेगळं रुग्णालय आहे. गरोदर बाईने लक्षात ठेवायची तारीख म्हणजे दर महिन्याची ९. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी केंद्रात गरोदर बायकांची फुकट आणि शक्यतो तज्ज्ञांकडून तपासणी होते. आशाताईंना ही तारीख तोंडपाठ असते.

प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञच लागतो असं नाही. लघवीची जळजळ, खाज, पाळीत पोट दुखणं, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त वाढवण्याच्या गोळ्या हे फॅमिली डॉक्टर किंवा आरोग्य केंद्रातही होतं. दिवस गेलेत, वर्षभर प्रयत्न करून राहत नाहीत (वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने), गाठ सांगितली आहे, पाळी बंद होऊन वर्षानंतर पुन्हा डाग दिसला, तर तज्ज्ञच गाठा.

लेडी डॉक्टरच हवी हा आग्रह मला समजतो. तरी सांगते, जवळ पुरुष डॉक्टरच असेल तर त्यासाठी महिनाभर दुखणं अंगावर काढू नका. तपासताना एक सिस्टर किंवा तुमच्या सोबतची बाई खोलीत असली पाहिजे, हे मागायचा तुम्हाला अधिकार आहे आणि चांगले डॉक्टर न मागताच तिला बोलावतात.

पडद्याच्या आत

डॉक्टर विचारतात, "लग्न झालंय का?" त्यांना खरं विचारायचं असतं ते शरीरसंबंध आले आहेत का. प्रश्न नीट विचारायला हवा, पण आपल्याकडे असाच विचारतात. उत्तर त्या अर्थाने द्या, कारण आतून तपासायचं की नाही आणि दिवस गेल्याची शंका घ्यायची की नाही हे त्यावर ठरतं. सोबत आई असेल तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" असं म्हणा. आमच्याकडच्या मॅडम हे स्वतःच करायच्या. वजन करायच्या निमित्ताने मुलीला आतल्या खोलीत न्यायच्या आणि तिथे बोलायच्या. संबंध आलेले नसतील तर आतून तपासणी सहसा करत नाहीत, पोटावरून सोनोग्राफीवर भागतं.

आतून तपासणी म्हणजे काय हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून भीती. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण आत घालून पिशवीचं तोंड बघतात, मग दोन बोटांनी आणि पोटावर दुसरा हात ठेवून पिशवीचा आकार बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम. दडपण येतं, पण जोरात दुखायला नको. दुखलं तर "थांबा" म्हणा, लहान मापाचं उपकरण असतं. आधी तुमची परवानगी घेतली पाहिजे.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारून त्याच कागदाच्या मागे लिहा: मला काय झालंय असं वाटतं, या गोळ्या किती दिवस, आणि परत कधी व कशासाठी यायचं. निदानाचं नाव मराठीत नाही समजलं तर डॉक्टरांनाच लिहून द्यायला सांगा.

दिवस गेल्यावर

इथे घोळाची सुरुवात मोजणीपासून होते. घरात "नववा लागला" म्हणतात, म्हणजे आठ पूर्ण झाले. डॉक्टर आठवडे मोजतात, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकून आठवडा झाला की फाईलवर पाच आठवडे लागतात. हे बघून एका नवऱ्याने माझ्या खिडकीशी येऊन हळू आवाजात विचारलं होतं, "मॅडम, लग्नाला तर चारच आठवडे झालेत." सगळ्यांचीच मोजणी अशी असते हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. ही एक गोष्ट नीट माहीत नसल्याने घरात केवढा संशय उभा राहू शकतो.

बाळंतपणाची तारीख काढायची रीत: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १० जानेवारीला पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. त्या दिवशीच बाळ येईल असं नाही. ३७ आठवड्यांनंतर कधीही येऊ शकतं. पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरची तारीख जास्त खरी.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा, आशाताई किंवा नर्सताईकडे, खासगीत दाखवत असलात तरीही. माता-बाल संरक्षण कार्ड तिथेच मिळतं आणि योजनांचे पैसे त्या नोंदीवर अडतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळाला ५ हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये थेट खात्यात येतात. खातं आणि आधार यांवरचं नाव जुळत नाही म्हणून रखडलेले अर्ज मी ढीगभर पाहिलेत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे काम तिसऱ्या महिन्यातच उरका.

पहिल्या भेटीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही, कावीळ ‘ब’, गुप्तरोगाची तपासणी होते. एचआयव्हीचं नाव वाचून घाबरू नका, ती सगळ्यांचीच करतात. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. चहासोबत घेतल्या की त्यांचा गुण निम्मा जातो, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. शौचाला काळं होतं, ते लोहाचंच असतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. अँटी-डी नावाचं इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं. गर्भ पडला तरीही ते घ्यायचं आहे का हे विचारायचंच. हे राहिलं तर पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही, पण पुढच्या बाळाच्या रक्तावर बेततं.

सोनोग्राफी महत्त्वाच्या दोन. एक ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आणि दुसरी १८ ते २० आठवड्यांच्या आसपास, बाळाचे अवयव बघण्याची. दुसरी चुकवू नका, कारण त्यात काही गंभीर निघालं तर निर्णयाला वेळ उरतो. सोनोग्राफीआधी फॉर्म भरून सही घेतात. ती गर्भलिंगनिदान बंदी कायद्याची सक्ती आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. "काय आहे?" हा प्रश्न विचारणंही गुन्ह्याच्या वाटेवरचं आहे, सासूबाईंना हे घरीच सांगून या. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. ते पाणी पिताना मळमळतं. लिंबू पिळून चालेल का हे आधी विचारून घ्या.

रात्र असो, अमावस्या असो, ही लक्षणं दिसली की निघायचं: लाल जाणं, पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे काजवे येणं, तोंड-हात अचानक सुजणं, छातीखाली वरच्या पोटात कळ, फिट, ताप, आणि बाळ फिरायचं कमी होणं. शेवटच्या लक्षणाला "झोपलं असेल" म्हणणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असते. तिचं ऐकू नका. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत एका बाजूला पोटात जोरात कळ आणि चक्कर आली, तर गर्भ नळीत असल्याची शंका घ्यायची, आणि तिथे तास मोजायचे नसतात. गाडीसाठी १०८. गरोदर आणि बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात ने-आण करायला १०२.

सातव्या महिन्यात डॉक्टर बदलतो

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तिच्यात माया आहे, पण सगळ्यात मोठी फटही इथेच पडते. सहा महिने पुण्यात दाखवलं, ओटीभरण झालं आणि मुलगी गाडीत बसून गावी आली. फाईल? "ती तिकडेच राहिली, तुम्ही नवीन काढा ना." मग रक्तगटापासून पुन्हा सुरुवात, आणि अवयव बघायची सोनोग्राफी आता पुन्हा नीट होतही नाही, कारण बाळ मोठं झालेलं असतं.

माहेरी बाळंतपण ठरलं असेल तर पाचव्या महिन्यात एकदा तिथल्या डॉक्टरांना दाखवून नाव घालून या. निघताना जुन्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश मागा: तारीख, रक्तगट, बीपी-साखर, आधीचं सिझर असेल तर त्याची माहिती, चालू औषधं. सोनोग्राफीचे मूळ रिपोर्ट तुमचे असतात, ते घेऊनच निघा. आणि माहेरचं गाव आडवाटेला असेल, बीपी वाढलेलं असेल, जुळी असतील किंवा आधी सिझर असेल, तर आईनेच उलट लेकीकडे राहायला जावं. कधी कधी बॅग आईने भरायची असते.

जागा निवडताना रात्रीचे दोन डोळ्यांसमोर आणा

दुपारी बारा वाजता सगळीच हॉस्पिटलं चांगली दिसतात. प्रश्न रात्री दोनचा आहे. तेव्हा डॉक्टर इमारतीत असतात की घरून येतात, आणि यायला किती मिनिटं? भूल देणारे कोण आणि कुठून येतात? रक्त लागलं तर कुठल्या पेढीतून, किती वेळात? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ कोण, आणि पेटीत ठेवायची वेळ आली तर इथेच की दुसरीकडे? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. माझ्या खिडकीत कुणी ते विचारले की मी मनात म्हणायची, या घरात कुणीतरी शहाणं आहे.

"नॉर्मल होईल ना हो?" याला कुठलाही डॉक्टर "प्रयत्न करू" एवढंच म्हणणार. त्याऐवजी विचारा, "पहिलटकरणीचं सिझर तुम्ही कुठल्या कारणांनी ठरवता? कळांसाठी किती वेळ थांबता? आधी सिझर झालेल्या बाईचं नॉर्मल इथे करता का?" उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारीत १४.३ टक्के. अवघड केसेस सरकारीतही येतात, तेव्हा एवढ्या फरकाचं सगळं कारण वैद्यकीय असेल हे मला पटत नाही. पण दुसरं टोकही तेवढंच वाईट. बाळाचे ठोके घसरत असताना "थोडं थांबू या, नॉर्मल होईल" म्हणून अडून बसलेले नातेवाईक मी पाहिलेत. ठोके पडले की डॉक्टरांचं ऐका.

पैशाचं आधी बोला. ‘पॅकेज’मध्ये काय नाही ते विचारा: रक्त, बालरोगतज्ज्ञाची भेट, बाळाची पेटी, भूल, खोलीचे वाढीव दिवस बहुतेकदा बाहेर असतात. नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. नजर टाका, तिथे कॅलेंडर तर लटकत नाही ना. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं मोफत आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड घेऊन आधीच तिथल्या समाजसेवकांना भेटा. कळा चालू असताना हे कागद कुणाला सापडत नाहीत.

निघायचं कधी? पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकायला लागल्या की. दुसऱ्या खेपेला त्याआधीच. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी लगेच, आणि पाण्याचा रंग बघून ठेवा. हिरवट असेल तर तो दारातच सांगा.

नको असलेले दिवस

याबद्दल कुजबुजच जास्त, म्हणून सरळ लिहिते. १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती यांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाई १८ वर्षांच्या वर असेल तर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही. अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतची तरतूद लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. १८ च्या आतली असेल तर पालकांची संमती लागते. नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी मान्यता असलेलं केंद्रच निवडा. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटेपर्यंत कळतही नाही.

"पिशवी काढून टाका"

या वाक्यापाशी थांबायचं आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी देशभर गाजली. तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, फडावर पाणी नाही, संडास नाही, अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं की "कॅन्सर होईल" असं सांगून ऑपरेशन. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली, आणि बीडमध्ये खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. बातम्या थांबल्या, पण ते वाक्य अजून दवाखान्यांत ऐकू येतं. बायकाही म्हणतात, "दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? कटकट जाऊ दे."

पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. पिशवीला सूज हेही, आधी औषधं झाल्याशिवाय, नाही. सोनोग्राफीत छोटी गाठ दिसली आणि तिचा काही त्रास नाही, तर ती बहुतेकदा नुसती सांभाळायची असते. जास्त रक्त जात असेल तर आधी रक्त वाढवणं, गोळ्या, हॉर्मोनची तांबी (पिशवीत बसवायचं, हॉर्मोन सोडणारं साधन), फक्त गाठ काढणं, हे टप्पे असतात. चाळिशी उलटली असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. "कॅन्सर होईल" असं कुणी म्हणालं तर एकच विचारा, "कुठल्या रिपोर्टवर?" पॅप किंवा तुकड्याच्या तपासणीचा कागद दाखवता आला नाही तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका आणि सगळे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. शक्यतो सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला, म्हणजे ऑपरेशन करण्यात ज्यांचा पैशाचा संबंध नाही तिथे.

खरंच काढावी लागते अशीही कारणं आहेत: कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं. तेव्हा पुढचा प्रश्न: "बीजकोशही काढणार का?" कमी वयात तेही काढले तर पाळी जायची सगळी लक्षणं एकदम अंगावर येतात, घाम, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. संमतीपत्रावर काय काढणार ते मराठीत लिहिलेलं वाचून मगच सही करा.

तिशीनंतरची तपासणी

तिशीनंतर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, काही त्रास नसतानाही. सरकारी दवाखान्यांत व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघतात, मिनिटभरात पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवतात. ही स्वस्तातली वाटणारी तपासणी किती कामाची आहे हे मुंबईतच सिद्ध झालं. टाटा मेमोरियलने वस्त्यांमध्ये, दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, ती करून पाहिली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये मांडलं. त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते असं दिसलं होतं. तो निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. मराठवाड्यातल्या बायकांच्या जिवावर जगाला कळलेली गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईला अजून माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुलींसाठी याच विषाणूची लस आहे, ९ ते १४ हे वय सगळ्यात योग्य. पुण्यात बनणारी देशी लसही आता मिळते. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी आठवड्याच्या आत दाखवा. "परत आली वाटतं" म्हणून हसण्यावारी नेलेले दोन चेहरे मला अजून आठवतात.

फाईल

रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तोंडी मागून टाळाटाळ झाली तर दोन ओळींचा अर्ज करून पोच घ्या. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं आणि तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट हे तीन कागद कधीच टाकायचे नाहीत. सिझरमध्ये पिशवीवर छेद आडवा होता की उभा यावर पुढचं बाळंतपण ठरतं, आणि पोटावरच्या टाक्यांवरून ते कळत नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेने लावून ठेवा. वर एक कोरं पान लावा आणि त्यावर रक्तगट, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं आणि चालू गोळ्या लिहा. त्या पानाचा फोटो काढून नवऱ्याला, बहिणीला आणि शेजारी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना पाठवा. फोटोत अक्षरं वाचता येतायत ना, तेवढं पाठवण्याआधी बघा.